पाकल्याची बाटली आणि काकांची पिशवी

(सोसायटीच्या वर्धापनदिनी ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



छत्तीस वर्षं बँकेत लोकांचे पैसे मोजले. स्वतःसाठी जमवल्या त्या पोर्तुगीज सैनिकांच्या जुन्या वस्तू: पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, कमरेचे पट्टे, पाठीवरच्या पिशव्या. मागे आमच्या वॉचमनने लोखंडी टोपी पाहिली आणि ‘बी विंगमध्ये दारूगोळा आहे’ अशी बातमी पसरली. म्हणून आधीच सांगतो, माझ्याकडे शस्त्र नाही. बंदूक नाही, काडतुसाचं रिकामं टरफलसुद्धा नाही. हा छंद करायचा तर पहिला नियम हाच. शस्त्रांना कायदा आहे, आणि जुना बाँबगोळा फुटायचा राहिलेलाही असू शकतो.

सुरुवात झाली म्हापशाला. ऐंशीच्या सुमारास तिथल्या शाखेत बदली झाली होती. शुक्रवारच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाईंपुढे केळी, मिरच्या आणि एक चेपलेली ॲल्युमिनियमची बाटली होती, वर जाड कापडाचं आवरण. “पाकल्याची आसा,” त्या म्हणाल्या. गोव्यात पोर्तुगीज गोऱ्या शिपायाला पाकलो म्हणत. पाच रुपयांना घेतली. घरी येऊन आधी पाणी भरून मोजलं, लिटरला थोडं कमी भरलं.

मग वाचायला लागलो. १७ डिसेंबर १९६१च्या रात्री आपलं सैन्य निघालं आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम पाठवला होता. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी तो पाळला नाही, शरणागती पत्करली. त्यामुळे हजारो जीव वाचले. तीन हजारांहून अधिक सैनिक छावण्यांत कैद राहिले आणि मे १९६२मध्ये मायदेशी गेले. जनरलसाहेबांना मात्र सैन्यातून काढून टाकलं. त्यांचा हुद्दा परत मिळाला तो १९७४च्या क्रांतीनंतर.

या छंदात फसवणूकही होते. मुंबईत एका दुकानदाराने ‘गोव्याच्या लढाईतली’ म्हणून एक सुंदर पिशवी मला चांगल्या किमतीला दिली. घरी भिंगातून शिक्का पाहिला, तर साल १९६८! पोर्तुगीज लष्करात वस्तूच्या मॉडेलला ‘एम’, तिरकी रेघ आणि सालाचे आकडे, अशी खूण असते. ९३७ म्हणजे १९३७, ९४८ म्हणजे १९४८. गोवा गेल्यावरही ते अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये १९७४पर्यंत लढत होते. ही पिशवी त्या काळातली. जन्मभर चेकवरची तारीख तपासणारा मी, पुढच्या तारखेचा चेक वटवून बसलो! तेव्हापासून आधी तारीख, मग कहाणी, मग किंमत.

मुलीकडे गेलो असताना लिस्बनचा जुना बाजारही पाहिला. मंगळवारी आणि शनिवारी भरतो. नावाचा अर्थ ‘चोरटीचा बाजार’, म्हणजे आपल्या चोरबाजाराची बहीणच. ज्या चौकात तो भरतो तिथेच लष्कराचे गणवेश शिवण्याचे कारखाने होते. तिथून जेवणाचा एक डबा आणला. त्यावर कुणीतरी खिळ्याने दोन अक्षरं कोरली आहेत. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसंच.

आता जरा अवघड भाग सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी या घराच्या वास्तुशांतीला माझे काका आले होते. १५ ऑगस्ट १९५५ला ते बांद्याहून पत्रादेवीला सत्याग्रहात गेले होते. बंदुकीच्या दस्त्यांचा मार बसला. उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. त्यांनी शोकेसमधली बाटली पाहिली आणि पानावरून उठले. “पाकल्याची भांडी मांडलेल्या घरात मी जेवत नाही.” पाहुण्यांसमोर. सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगळं माळ्यावर टाकलं.

दोन वर्षांनी मीच त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, “तुम्ही म्हणाल तर भंगारात घालतो.” त्यांनी विचारलं, “काय शिकलास त्यातून?” मी सालाझारचा हुकूम, शरणागती, छावण्या, परत गेलेली पोरं, सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ती पोरं परत गेली, बरं झालं. आमच्यातले वीसच्या वर त्या एका दिवसात तिथेच राहिले. त्यांच्याजवळ काय होतं ते कुणाला माहीत आहे?” आणि ट्रंकेतून एक खादीची पिशवी काढली. आत एक टॉवेल, कोपरा फाटलेला. “आमचं सामान एवढंच. बाटली ठेवणार असशील तर ही शेजारी ठेव.”

त्या दिवाळीला काका आमच्याकडे जेवले. आज ते नाहीत. शोकेसमध्ये बाटली आणि पिशवी शेजारी शेजारी आहेत. बाटलीला खरेदीची किंमत आहे. पिशवीची किंमत मला मोजता आली नाही.

मुलांनो, रविवारी दहानंतर या, सगळं हातात घेऊन पाहा. शिक्के कसे वाचायचे ते शिकवीन. आणि मोठ्यांना एक विनंती. आमची मुलं परदेशी आहेत. आमच्यामागे हे एखाद्या संग्रहालयाला द्यायची वेळ आली, तर समितीने एवढं पाहावं: बाटली आणि पिशवी एकाच ठिकाणी जाऊ दे. जोडी फोडू नका.