पुराना पूल : शहराहून वयाने मोठा



मूसी नदीवरील पुराना पूल हैदराबाद शहराहून वयाने मोठा आहे. इब्राहिम कुली कुतुबशहाने तो १५७८ मध्ये बांधविला. शहर वसले १५९१ मध्ये. पूल होता, म्हणूनच गोवळकोंड्याच्या तटात दाटलेली वस्ती नदीपलीकडे पसरू शकली.

राजपुत्र मुहम्मद कुलीने भागमतीच्या भेटीसाठी पुरात घोडा घातला आणि धास्तावलेल्या पित्याने पूल उभारला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. कथा गोड आहे. परंतु राजपुत्राचा जन्म १५६५ चा. पूल झाला तेव्हा तो अवघ्या १३ वर्षांचा होता. मच्छलीपट्टण बंदराशी चालणारा गोवळकोंड्याचा व्यापार हे पुलाचे अधिक पटणारे कारण होय. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने या पुलाची तुलना पॅरिसच्या पाँ नफ पुलाशी केली होती.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीला महापूर आला. हजारो माणसे दगावली, नदीवरील नंतरचे पूल उद्ध्वस्त झाले. पुराना पूल मात्र उभा राहिला. याचे श्रेय टोकदार कमानींच्या रचनेला आहे, तसेच वेळच्या वेळी घेतलेल्या काळजीलाही आहे. निजाम सिकंदर जाह याच्या कारकिर्दीत, १८२० च्या सुमारास, पुलाची दुरुस्ती झाली होती. ती झाली नसती, तर १९०८ चा पूर त्याने सोसला असता काय?

आज वाहने शेजारच्या नव्या पुलावरून जातात आणि जुन्या पुलावर भाजीबाजार भरतो. बाजाराने पुलाला माणसांत ठेवले आहे, ही जमेची बाजू. परंतु दगडांच्या सांध्यांत रुजलेले पिंपळाचे रोप मुळांनी चिरे सरकवते. कमानींखाली साचलेला राडारोडा पुराची वाट अडवतो. जुन्या चुन्याच्या दर्जांवर सिमेंट थापले, की आतली ओल आतच कोंडते आणि दगड झिजू लागतो. रोपे कोवळी असतानाच उपटणे, कमानी मोकळ्या ठेवणे, चुन्याच्या जागी चुनाच भरणे ही कामे साधी आहेत. ती दरवर्षी व्हावी लागतात, एवढेच.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. शिक्षणासाठी, नोकरीसाठी येथे आलेल्या मराठी कुटुंबांना या पुलाने नदी ओलांडून दिली. हीरकमहोत्सवी शाळेच्या मुलांनी आता त्याची माहिती घ्यावी, तो नीट पाहावा. ज्याची ओळख आहे, त्याचीच पडझड डोळ्यांना खुपते. आणि जपणुकीला तेथूनच आरंभ होतो.