क्रियापदांचे जोडीदार

'इंटरव्ह्यू कॉल्ड ऑफ' असें पत्र आलें आणि उमेदवारानें त्यांतील 'कॉल' तेवढा पाहिला, तर बोलावणें आलें असें समजून तो व्यर्थ प्रवास करील. मुलाखत तर रद्द झालेली!

'कॉल' म्हणजे हांक मारणें. पण 'कॉल ऑन' म्हणजे भेटीस जाणें, 'कॉल फॉर' म्हणजे मागणी करणें आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणें. परकीयांची ही अडचण डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच सांगून ठेविली आहे.

मराठी विद्यार्थ्यानें मात्र बिचकूं नये. संस्कृतांतील 'हृ' हा धातु एकच. परंतु उपसर्गभेदानें त्यापासून आहार, विहार, प्रहार, संहार असे निरनिराळ्या अर्थांचे शब्द होतात. इंग्रजींत हें काम क्रियापदामागून येणारा लहानसा शब्द करतो, इतकाच भेद. म्हणून क्रियापद एकटें न घोकतां जोडीनें, वाक्यांत घालून शिकावें. सर्वनामाची जागाही पाहावी: 'कॉल इट ऑफ', परंतु 'कॉल ऑन हिम'. तसेंच 'विषयीं चर्चा करणें' याचें 'डिस्कस अबाउट' करूं नये. 'डिस्कस'ला तेथें जोडीदार नको.

श्रोत्यांनीं रोज एक जोडी वापरून पाहावी. ती मराठीच्या कानानें नव्हे, इंग्रजीच्या रूढीनें ठरते.