नावावरून गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी बचतीवर. मी मात्र आज गाण्याच्या भेंड्यांवर बोलणार आहे. हा काय भाषणाचा विषय झाला, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या मंडळात वर्षातून जितक्या वेळा भेंड्या होतात तितक्या वेळा दुसरे काहीच होत नाही. शिवाय या खेळात माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला. तिच्याकडे मी शेवटी येईन.

आपल्याकडे आता कराओके आले आहे. हा शब्द जपानी आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे संक्षिप्त रूप. वाद्ये वाजतात, गाणाऱ्याची जागा रिकामी असते, ती आपण भरायची. टोकियोत १९६७ साली शिगेइची नेगिशी यांनी असे यंत्र केले आणि १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी आपले यंत्र भाड्याने देऊन ही आवड गावोगाव पसरवली. एवढे आपण सर्वजणी जाणतो की यंत्र जपानचे आहे. पण तेथे भेंड्याही खेळतात, हे मला तिकडे राहून आलेल्या माझ्या भाचीकडून कळले.

त्या खेळाचे नाव शिरितोरी. शब्दाचे शेपूट धरायचे, असा त्याचा अर्थ. पहिलीने शब्द सांगितला की त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसरीने सांगायचा. कराओकेत हाच खेळ गाण्याच्या नावांवर चालतो. आपण गाण्याचे शेवटचे अक्षर धरतो. त्यामुळे ओळ कोठे थांबवायची, ही चलाखी गाणारीच्या हाती राहते. ‘ढ’ आला की दादा कोंडक्यांचे ढगाचे गाणे ठरलेले, आणि ते ‘कळ’ या शब्दावर थांबवले की पुढच्यांच्या वाट्याला ‘ळ’. जपानी खेळात अशी पळवाट नाही. नाव ठरलेले असते, त्याची दोन्ही टोके ठरलेली असतात. म्हणून गाणे निवडतानाच आपल्याला कोणते अक्षर लागते आणि समोरच्याला कोणते जाईल, हे दोन्ही पाहावे लागते.

एक उदाहरण देते. १९६१ चे ‘उए ओ मुइते आरुको’ हे क्यू साकामोतो यांचे गाणे जगभर गाजले. त्याचे शेवटचे अक्षर ‘को’ धरले, तर ‘को’वरून १९०१ चे जुने गाणे ‘कोजो नो त्सुकि’ येते. पडक्या किल्ल्यावरचा चंद्र, असा त्याचा अर्थ. आपल्या नगरच्या किल्ल्याशेजारी राहणाऱ्यांना हे नाव आवडावे. त्याच्या ‘कि’वरून १९७७ चे ‘कितागुनि नो हारु’, म्हणजे उत्तरेकडचा वसंत. आणि येथे समोरची बाई अडते, कारण ‘रु’वरून जपानीत फार थोडे शब्द सुरू होतात. मुरलेले खेळाडू मुद्दाम ‘रु’वर संपणारी नावे जपून ठेवतात. आपल्याकडे ‘की’ आली तर ‘क’ची सारी बाराखडी मोकळी असते, त्यांच्याकडे ‘कि’ला ‘कि’च लागते.

आता त्यातील भांडणे पाहा, अगदी आपल्यासारखी. ‘आरुको’ कानाला ‘को’वर संपते, पण जपानी लिपीत शेवटी ‘उ’ लिहितात. मग धरायचे काय? शिवाय हेच गाणे परदेशात ‘सुकियाकी’ या नावाने विकले गेले आणि १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सुकियाकी हा मांस व भाज्यांचा एक पदार्थ. गाण्यात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. कोणते नाव मानायचे, हे आधी ठरवले नाही तर खेळ बाजूला राहतो आणि वाद रंगतो.

त्यांचा एक नियम मात्र फार कडक आहे. नाव ‘न्’ या अक्षरावर संपले की सांगणारीच हरते, कारण त्या अक्षरावरून जपानीत शब्द सुरू होत नाही. जपानात सर्वांत जास्त खपलेली एका गाण्याची ध्वनिमुद्रिका १९७५ ची, ‘ओयोगे! तायाकी-कुन’. तायाकी ही माशाच्या आकाराची, आत गोड पुरण घातलेली खाण्याची वस्तू. सर्वांना पाठ असलेले हे गाणे ‘कुन’वर संपते, म्हणून ते म्हणणारी बाद!

आपल्याकडे ‘ण’ आणि ‘ळ’वरून शब्द सुरू होत नाहीत. पण आपण कोणाला बाद करत नाही. ‘ण’ला ‘न’ घे, ‘ळ’ला ‘ल’ घे, असे म्हणून वाट काढून देतो. हा आपल्या खेळाचा मोठेपणा आहे, असे मला वाटते.

नावांची दोन्ही टोके पाहण्याची सवय लागावी म्हणून मी घरी मुलांना आपल्या जिल्ह्यातील चौदा तालुक्यांच्या भेंड्या खेळायला लावल्या. तुम्हीही करून पाहा. ‘र’वर संपणारे तालुके पाच: नगर, पारनेर, संगमनेर, श्रीरामपूर आणि राहुरी. ‘र’वरून सुरू होणारे दोनच: राहाता आणि राहुरी. तुमच्यावर ‘र’ आला आणि तुम्ही राहुरी म्हणालात, की समोरची राहाता म्हणते, आणि ‘त’वरून तालुकाच नाही, भेंडी तुमच्यावर चढते. म्हणून आधी राहाताच म्हणावे! २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण भेंड्यांच्या हिशेबात काही बिघडले नाही. आधी ‘अ’ आणि शेवटी ‘र’, जसे होते तसेच राहिले.

आता माझी चूक. यंत्र आणल्यावर भेंड्यांची व्यवस्था माझ्याकडे आली. मी नियम केला की जे गाणे यंत्रात सापडेल तेच धरायचे, म्हणजे वाद नकोत. त्या दिवशी आपल्यातील एका वयस्क बाईंवर ‘ठ’ आला. त्यांनी जात्यावरची ओवी सुरू केली. मी यंत्रात शोधले, सापडली नाही, आणि मी सर्वांदेखत म्हणाले, “चालणार नाही, भेंडी चढली.” त्या हसल्या आणि बसल्या. पुढच्या तीन बैठकांना त्या आल्या नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. त्या रागावल्या नव्हत्या, हेच मला जास्त लागले. त्या म्हणाल्या, “बाई, मला पडद्यावरचं वाचता येत नाही आणि सिनेमाची गाणी येत नाहीत. मी आले काय, न आले काय, तुमचा खेळ चालतोच.” मग त्यांनी चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत एकामागून एक ओव्या म्हटल्या. आईच्या ओव्या, सासूच्या ओव्या, पंढरीच्या वाटेच्या ओव्या. मी मोजत होते; बारा झाल्यावर मोजणे सोडले. ज्या जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरीची ओवी सांगितली गेली, त्या जिल्ह्यातील मंडळात मी ओवीला बाद ठरवले होते. जपानी ‘न्’चा नियम कडक म्हणून मी हसले होते, माझा नियम त्याहून कडक होता. त्यांचा नियम अक्षराला बाद करतो, मी माणसाला बाद केले.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी आहे. यापुढे महिन्यातून एक दिवस नावांच्या भेंड्या खेळाव्यात. गाणारीने आधी गाण्याचे नाव सांगावे. अभंगाला आणि ओवीला पहिले चार शब्द हेच नाव मानावे. त्या नावाचे शेवटचे अक्षर पुढे जाईल. मग जितके येते तितके म्हणावे, दोन ओळी आल्या तरी पुरे. यंत्रात गाणे असेल तर वाद्ये लावू, नसेल तर टाळ्या आहेत. आणि यंत्रात नसलेले गाणे कोणी म्हटले, तर तरुण मुलींपैकी एकीने ते वहीत उतरवून घ्यावे. वर्षाअखेरीस त्या वहीत काय काय जमते, ते पुढच्या स्मरणिकेत छापता येईल.

त्या बाई आज येथे आल्या आहेत. माझ्या भाषणानंतर भेंड्या आहेत. मी शेवटचा शब्द मुद्दाम ‘ठ’वर संपवते, आणि सुरुवात त्यांनी करावी अशी विनंती करते. बाई, आता तुम्ही गाण्यासाठी ऊठ.