उपाशी इंजिन : यांत्रिक नौकेच्या इंधनमार्गातील दोष आणि त्यांचा शोध



समुद्रावर जाणाऱ्या यांत्रिक नौकेचे इंजिन बंद पडते ते बहुधा नको त्या जागी : बंदराच्या मुखाशी, लाटा फुटत असताना, खडकांचा बांध हाकेच्या अंतरावर असताना. खलाशी याला दैव म्हणतात. या घटनेत दैवाचा भाग थोडा असून कारणाचा भाग मोठा आहे, आणि ते कारण पुष्कळदा इंजिनात नसून इंजिनापर्यंत इंधन आणणाऱ्या मार्गात असते, एवढेच आज मला आपणापुढे मांडावयाचे आहे.

उदाहरणासाठी केरळचा किनारा घेऊ. कोल्लमजवळ, अष्टमुडी सरोवर जेथे समुद्रास मिळते तेथे, नींडकरा हे बंदर आहे. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात झालेल्या करारानुसार पुढील वर्षी या परिसरात मत्स्यव्यवसाय सुधारण्याचे काम सुरू झाले आणि मासेमारीच्या नौकांवर डिझेल इंजिने आली. १९८८ पासून केरळात पावसाळ्यात ट्रॉलरच्या मासेमारीस बंदी असते. अलीकडे तिचा काळ ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ५२ दिवसांचा आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोकणातील कोळ्यांनाही ही प्रतीक्षा परिचयाची आहे.

या दिवसांत टाकीमध्ये काय घडते ते पाहू. टाकी अर्धी रिकामी असेल तर उरलेल्या जागेत पावसाळी, दमट हवा असते. दिवसा ती तापून हवानळीवाटे बाहेर पडते. रात्री गार झाली की नवी हवा आत शिरते आणि तिच्यातील बाष्पाचे थेंब टाकीच्या भिंतींवर जमतात. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने हे पाणी तळाशी जाऊन बसते. पाणी व डिझेल जेथे एकमेकांस भिडतात तेथे सूक्ष्म जंतूंची वाढ होऊन बुळबुळीत गाळ तयार होतो. टाकी लोखंडी असेल तर त्यात गंजाची भर पडते.

धक्क्याला बांधलेली नौका स्थिर असते, म्हणून हा गाळही स्थिर असतो. इंधन ओढणाऱ्या नळीचे तोंड तळापासून थोडे वर ठेवलेले असते. तिला वरचे स्वच्छ डिझेल मिळते. इंजिन सुरू करून पाहिले तर ते सुरेख चालते आणि तांडेल निश्चिंत होतो. मग नौका बंदराच्या मुखाशी येते, लाटांवर वरखाली होऊ लागते, टाकी ढवळली जाते आणि तळचा गाळ व पाणी नळीच्या तोंडाशी येतात. लाटा कापण्यासाठी इंजिनाला सर्वाधिक इंधन हवे असते तेही याच वेळी. गाळणी तुंबते आणि इंजिन उपाशी राहते. संकटाच्या जागीच इंजिन दगा देते, हा योगायोग नसल्याचे यावरून दिसून येईल.

आता इंधनाचा मार्ग पाहू. टाकीतून डिझेल निघते, पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या गाळणीतून जाते आणि लहान पुरवठा-पंपापाशी पोहोचते. हा पंप ते दुसऱ्या, बारीक गाळणीतून इंजेक्शन पंपाकडे ढकलतो. इंजेक्शन पंप प्रचंड दाबाने ते नोझलकडे पाठवितो व तेथून त्याचा तुषार सिलिंडरात पडतो. इंजेक्शन पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे यांतील फट मिलिमीटरच्या अवघ्या काही सहस्रांशांइतकी असते. म्हणून धूळ व पाणी तेथपर्यंत पोहोचू नये यासाठी एवढा खटाटोप.

या मार्गाचे दोन भाग मनात पक्के करावेत. पुरवठा-पंपापासून पुढचा भाग दाबाखाली असतो. तेथे सांधा ढिला झाला तर डिझेल बाहेर ठिबकते व डोळ्यांना दिसते. टाकी पंपाच्या खालच्या पातळीवर असेल तर पंपामागचा भाग ओढीखाली असतो. तेथे सांधा ढिला झाला तर डिझेल बाहेर न येता हवा आत शिरते. नळी कोरडी, सांधा स्वच्छ, आणि तरीही दोष तेथेच! म्हणून ‘गळती कोठेच नाही’ या निष्कर्षावर समाधान मानू नये.

थोडीशी हवा एवढी घातक का? डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. हवा सहज दाबली जाते. इंजेक्शन पंपात हवा असली की दट्ट्याचा जोर ती दाबण्यातच संपतो, नोझल उघडण्याइतका दाब चढत नाही आणि सिलिंडरात इंधन पडत नाही.

लक्षणे पाहून बराच उलगडा होतो. मंद गतीत इंजिन ठीक चालते, पण जोर मागितला की दबते. अशा वेळी गाळणी तुंबल्याचा संशय घ्यावा. गती आपोआप कमीजास्त होते आणि मग इंजिन थांबते. तेव्हा हवा शोधावी. धक्के खात, पांढरट धूर सोडीत चालत असेल तर इंधनात पाणी असण्याचा संभव असतो. अर्धा तास नीट चालून बंद पडणे, थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चालू होणे, हे हवानळी बुजल्याचे चिन्ह असू शकते. मीठ, रंग किंवा कुंभारणीचे घर यांनी ती बुजते, टाकीत निर्वात अवस्था निर्माण होते आणि पंपाची ओढ अपुरी पडते. अशा वेळी टाकीचे झाकण सैल करावे. सूं असा आवाज होऊन हवा आत गेली तर निदान झाले.

लक्षणांवरून निश्चय होत नसेल तर मार्ग दोन भागांत तोडून पाहावा. एका स्वच्छ डब्यात डिझेल घेऊन तो इंजिनापेक्षा उंच बांधावा आणि त्यातून नळी थेट पुरवठा-पंपाला जोडावी. आत शिरलेली हवा काढून इंजिन सुरू करावे. ते नीट चालले तर दोष मागे, टाकीच्या बाजूस आहे. न चालले तर पुढे. एका प्रयोगाने अर्धा मार्ग निर्दोष ठरतो. हे न करता एकामागून एक भाग बदलीत जाणारा मनुष्य पैसा घालवितो आणि पुष्कळदा नवा दोष निर्माण करतो.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे असावा. प्रथम बारीक गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की तो आवळावा. मग इंजेक्शन पंपावरील स्क्रूबाबत तेच करावे. नोझलच्या तुषारासमोर मात्र हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून शरीरात शिरतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या नौकांबाबत अधिक सावध राहिले पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून ती नौकेच्या तळाशी साचते. एक ठिणगी पुरते. तेथे आधी वारा खेळू द्यावा, मगच हत्यार हाती घ्यावे. शिवाय इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी उतरतो आणि इंजिन त्यावर चालत नाही.

भर समुद्रात इंजिन थांबले तर पहिले काम इंजिनाचे नव्हे. खोली पुरेशी कमी असेल तर आधी नांगर टाकावा, नौका खडकांपासून धरून ठेवावी. मग टाकीत डिझेल आहे काय, तोटी उघडी आहे काय, येथून आरंभ करावा. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात; तरी दोष येथेही सापडतो.

याहून बरा उपाय किनाऱ्यावरच आहे. बंदीच्या आधी टाकी शक्य तेवढी भरून ठेवावी. हंगामाच्या आरंभी तळची तोटी उघडून पाणी व गाळ काढावा आणि काचेच्या बाटलीत नमुना घेऊन तो डोळ्यांनी पाहावा. गाळण्या बदलाव्यात, सुट्या दोन गाळण्या बरोबर ठेवाव्यात आणि ओढीच्या बाजूचा प्रत्येक सांधा आवळून पाहावा. या साऱ्याला फार तर एक दिवस लागतो. पहिल्या फेरीस निघण्याची घाई मला समजते. ५२ दिवस घरात मिळकत आलेली नसते. परंतु तो एक दिवस वाचविणारा तांडेल आपल्याबरोबर आपल्या सर्व खलाशांचे प्राणही पणाला लावतो, हे त्याने विसरता कामा नये.