नळी आली, हमालाचे काय?



आपल्या कळमनुरी भागात कापूस पिकतो, म्हणून कापसाच्याच एका यंत्राविषयी आम्ही बोलणार आहोत. जुन्या जिनिंगमध्ये ढिगावरचा कापूस टोपल्या-गाठोडी भरून माणसे जिनापर्यंत वाहत. आता पुष्कळ कारखान्यांत ढिगाशी एक नळी असते आणि तिच्यातून कापूस धावत जातो. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. तिच्या साहाय्याने जिनिंगची जी सुधारणा झाली, तिच्यात ही हवेची वाहतूकही आली.

ती चालते कशी? नळीच्या दुसऱ्या टोकाचा पंखा आतली हवा काढून घेतो. आतला दाब उतरला की बाहेरची हवा वेगाने आत घुसते आणि कापूस बरोबर नेते. पुढे मोठ्या पेटीत जाळीपाशी हवा वेगळी होऊन कापूस खाली पडतो. खरे पाहता माल ढकलते ते बाहेरचे वातावरण. म्हणून या बळाला मर्यादा आहे. पंप कितीही चांगला असो, पाण्याचा सुमारे १० मीटर उंच स्तंभ पेलेल त्याहून अधिक जोर मिळत नाही. लांब पल्ल्यासाठी मागून दाबाची हवा सोडावी लागते.

पण ओढीच्या नळीत एक मोठा गुण आहे. तिला भोक पडले तर धूळ बाहेर उडत नाही, उलट बाहेरची हवाच आत जाते. कापसाच्या धुळीने वर्षानुवर्षे छाती आवळत जाते, त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. धूळ जिथे निघते तिथेच ओढून घ्यावी, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमात सांगितले होते. मान आणि फुप्फुस वाचवणाऱ्या यंत्राला कामगाराने शत्रू का म्हणावे?

तरीही भय खोटे नाही. रॉटरडॅम बंदरात १९०५ साली जहाजातले धान्य हवेने शोषून घेणारी तरंगती यंत्रे आली. कामगारांनी संप केले, १९०७ साली मोठा लढा झाला. पण अखेर यंत्रेच राहिली. यंत्र अडवून धरता येत नाही, हा त्यातला धडा.

मग मागायचे काय? १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि आज एका धन्याकडे, उद्या दुसऱ्याकडे राबणाऱ्या हमालालाही भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधोपचार मिळण्याची वाट झाली. त्यासाठीचा पैसा मजुरीवरच्या लेव्हीतून येतो. नळीने मजुरी घटवली की लेव्हीही घटते. माल तेवढाच हलतो, धन्याचा खर्च वाचतो आणि म्हाताऱ्या हमालाचा निधी मात्र आटतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. जिथे नळी बसेल तिथे लेव्ही हललेल्या मालाच्या वजनावर घ्यावी. नळी चालवण्याचे, साफ करण्याचे काम आधी तिथल्याच हमालाला शिकवून द्यावे. तुंबलेल्या नळीत हात घालण्यापूर्वी पंखा बंद करून कुलूप लावावे आणि किल्ली हात घालणाऱ्याच्याच खिशात असावी.

डोक्यावरचे ओझे उतरले, हे चांगलेच झाले. ते उतरताना पोटावर पाय येऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.