मोजमापाचे शिक्षण आणि आपली संघटना
(मुनिरका, नवी दिल्ली येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



आम्ही रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांची मुले. याच मुनिरक्याच्या गल्ल्यांत भाड्याच्या खोल्या घेऊन राहतो आणि रस्त्यापलीकडच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संशोधनाचे शिक्षण घेतो. भाषण सर्वांनी मिळून लिहिले आहे, वाचायला एकाला उभे केले आहे. गावी गेलो की हमखास विचारतात, "दिल्लीत शिकता तरी काय?" संशोधनपद्धती, मापन, कार्यक्रमांचे मूल्यमापन असे सांगितले की समोरचा माणूस गप्प होतो. म्हणून हल्ली आम्ही एवढेच सांगतो, की मोजायला शिकतो. त्यावर लोक हसतात. पण आपला पगार, आपली ड्यूटी आणि आपल्या कार्यालयातील मंजूर पदे या तिन्ही गोष्टी कोणीतरी मोजूनच ठरवलेल्या आहेत.

महागाई भत्त्याचेच घ्या. सातव्या वेतन आयोगापासून औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी २६१.४२ या आकड्याच्या वर किती टक्के गेली, त्यावर भत्ता ठरत आला. हा २६१.४२ म्हणजे २०१५ सालची सरासरी, आणि तिचे पायाभूत वर्ष २००१. पुढे २०२० मध्ये लेबर ब्युरोने २०१६ हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका सुरू केली. जुन्या आणि नव्या मालिकेला जोडणारा गुणक ठरला २.८८. समजा, नवा निर्देशांक १४० आहे. २.८८ ने गुणले तर भत्ता ५४ टक्के येतो. तोच गुणक २.९० असता तर ५५ टक्के आला असता. तीस हजार मूळ पगारावर हा फरक महिन्याला तीनशे रुपयांचा. गुणक चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. दशांश चिन्हापुढच्या दुसऱ्या आकड्यात तीनशे रुपये असतात, एवढेच दाखवायचे आहे.

आणखी एक गोष्ट. त्या मालिकेसाठी ४८,३८४ कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे अशा सात क्षेत्रांतील ही कुटुंबे. यात रेल्वे आहे, टपाल नाही! पोस्टमनचा भत्ता ठरतो तो दुसऱ्यांच्या घरच्या वाणसामानावरून. जुन्या मालिकेत खाण्यापिण्याचा भार ४६.२ टक्के होता, नव्या मालिकेत तो ३९.१७ झाला. सरासरी कुटुंबाचे हे खरेही असेल. पण ज्याच्या घरी निम्मा पगार किराणा आणि भाजीतच जातो, त्याला डाळ-तेल महागल्याचा चटका निर्देशांकात दिसतो त्याहून अधिक बसतो. अशा वेळी "निर्देशांक खोटा आहे" अशी घोषणा देऊन भागत नाही. सरासरी कोणाची काढली, हे विचारावे लागते, आणि ते विचारायला शिकावे लागते.

याचा धडा मुंबईच्या कामगारांनी फार पूर्वी घालून दिला आहे. १९६३ साली निर्देशांक चुकीचा काढला जातो म्हणून मुंबईत मोठे आंदोलन झाले. सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. निर्देशांक खरोखरच कमी दाखवला जात होता, असा निष्कर्ष त्या समितीने काढला. रस्त्यावर गर्दी होती म्हणून समिती नेमली गेली हे खरे. पण समितीपुढे केवळ गर्दीच्या जोरावर टिकता आले नसते. तिथे दर, घरभाडे, कापड यांचा हिशेब मांडणारी माणसे लागली.

वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतात ती गोष्ट काउंटरवर बसणाऱ्यांना लगेच पटेल. पार्सलचा काटा रोज न चुकता शंभर ग्रॅम कमी दाखवत असेल, तर तो सातत्याने एकच उत्तर देतो. पण ते उत्तर बरोबर नसते. सातत्य आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला उमगले त्याला निम्मा विषय उमगला.

टपाल खात्यातील कामाचे मोजमाप बेवूर टाइम टेस्टच्या नावाने जुन्या मंडळींना ठाऊक आहे. एका रजिस्टरला इतकी मिनिटे, एका मनीऑर्डरला इतकी, त्यावरून माणसे किती लागतील तो हिशेब. रेल्वेत १९४७ च्या राजाध्यक्ष निवाड्यापासून कामाच्या तासांचे वर्गीकरण चालत आले, आणि जॉब ॲनालिसिस करून कोणाची ड्यूटी सतत कामाची व कोणाची अधूनमधून कामाची ते ठरते. पद्धत वाईट नाही. पण मोजणीचे दिवस कोणते निवडले? आमच्यापैकी एकीच्या वडिलांच्या कार्यालयात मोजणी झाली ती दिवाळीनंतरच्या ओसरत्या आठवड्यात. कार्यालयाचे नाव घेत नाही. आकडे खरे होते, आठवडा मात्र नेहमीचा नव्हता. आमच्या शास्त्रात याला नमुन्याचा दोष म्हणतात. संघटनेने हरकत घेतली ती "अन्याय झाला" अशा शब्दांत. वर्षभराच्या टपालाचा महिनावार तक्ता जोडला असता तर उत्तर द्यावे लागले असते.

मूल्यमापनाचेही तसेच. सरकारने १९५२ साली कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली ती सामुदायिक विकास योजना तपासण्यासाठी. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचीही तिने राज्य सरकारबरोबर संयुक्त तपासणी केली होती. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्या योजनेसाठीच सुरू झाला. आपल्या पैशाने काय झाले हे विचारण्याचा हक्क आपला आहे. किती खर्च झाला, किती माणसांना काम दिले, एवढ्यावर मूल्यमापन संपत नाही. योजना नसती तर त्या माणसांचे काय झाले असते, हा खरा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड.

शिक्षण सोपे नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सहा महिने इंग्रजी आणि संख्याशास्त्र दोन्ही छळतात. पण २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांपासून पीएच.डी.ला संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे, त्यामुळे ही विद्या आता थोड्या लोकांपुरती राहिलेली नाही. मुनिरक्यातच राष्ट्रीय आरोग्य व परिवार कल्याण संस्था आहे, पुण्याला गोखले संस्था आहे, मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. प्रत्येक विभागाने निदान एका कार्यकर्त्याला किंवा कर्मचाऱ्याच्या मुलाला-मुलीला या शिक्षणासाठी पाठवावे आणि फीचा काही भार संघटनेने उचलावा, असे आम्ही सुचवतो. मेळाव्याच्या मंडपावर जितका खर्च होतो त्याहून हे महाग पडणार नाही.

तोवर एक काम करता येईल. ज्यांच्या कार्यालयात गेल्या तीन वर्षांत मोजणी झाली असेल त्यांनी तिचा तक्ता आणि त्या वर्षाचे महिनावार कामाचे आकडे घेऊन यावे. दर रविवारी सकाळी आम्ही खोलीवरच असतो. चहा आमच्याकडे, कागद तुमच्याकडे.