जुन्या बोटीचं इंजिन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कवीला बोलावलं की तो चंद्र, नदी नाहीतर पाऊस यांवर बोलणार, असा सगळ्यांचा अंदाज असतो. मीही आज नदीवरच बोलणार आहे. पण नदीवर चालणाऱ्या बोटीच्या मागे जे इंजिन टांगलेलं असतं, त्याबद्दल. मी बी.ए. झालेला माणूस. यंत्रांचं शास्त्र कधी शिकलो नाही. जे शिकलो ते वैनगंगेच्या काठावर, हात काळे करून आणि एकदा चांगलीच अद्दल घडल्यावर.

आमचा भंडारा जिल्हा तळ्यांचा, भाताचा आणि पितळेच्या भांड्यांचा. पाण्यावर जायचं तर आमच्याकडे डोंगा. ढिवर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंग्यावरच संसार केला. १९८८ च्या २२ एप्रिलला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे पाणी अडलं आणि नदी पसरली. जिथे बांबू टेकवत पलीकडे जाता यायचं, तिथे बांबूला तळ लागेना. डोंग्याच्या जोडीला इंजिनाची बोट आली ती अशी.

आम्ही चार मित्रांनी मिळून एक जुनी, सोळा फुटी फायबरची स्पीडबोट घेतली. आमच्यातले एक घाटावरचे नावाडी, आम्ही त्यांना काका म्हणतो. बोट त्यांच्या हातात आणि हिशेबाची वही माझ्याकडे. बोटीला मागे चाळीस हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन होतं. सुटीच्या दिवशी लोकांना फिरवून आणायचं, एरवी जाळी टाकायला जायचं, असं ठीक चाललं होतं.

मग २०२० साल उजाडलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. बोट काठावर ओढून ठेवली, इंजिनावर ताडपत्री टाकली आणि आम्ही घरी बसलो. ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशात धुवांधार पाऊस झाला, तिकडच्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं, गोसेखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडले, तरी वैनगंगा आवरेना. भंडाऱ्यातल्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यातल्याच एका वस्तीत माझी फुफी राहते. तिचा फोन आला, "बेटा, मी स्लॅबवर आहे. शिलाई मशीन खालीच राहिली."

आम्ही धावत घाटावर गेलो. काकांनी दोरी ओढली. एकदा, दहादा, चाळीसदा. इंजिन नुसतं खोकायचं, पेटायचं नाही. वल्ह्यांनी जावं तर पुराची धार अशी, की बोट पुढे जाण्याऐवजी थेट पवनीच्या दिशेने निघाली असती. आम्ही रात्रभर काठावर उभे राहिलो. फुफीला पहाटे दुसऱ्या एका बोटीने सुखरूप आणलं. मशीन गेली. बोट आमची, रक्त आमचं, आणि उपयोग शून्य. श्रोतेहो, दोष इंजिनाचा नव्हता. दोष आमचा होता.

इंजिन का पेटलं नाही? आत पाच महिन्यांचं शिळं पेट्रोल होतं. पेट्रोल पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. कार्ब्युरेटरमध्ये पितळेची सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. तो थर नेमका तिथे जाऊन बसतो. आमचं गाव पितळेचं, आणि आमची फजितीही पितळेनेच केली! त्यात पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी फार झालं की ते आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. तेव्हा इथेनॉलचं प्रमाण कमी होतं. आता देशात सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे, म्हणून ही काळजी आणखी वाढली. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आणि वायसरही अशा पेट्रोलला टिकतीलच असं नाही. त्या एकदा तपासून, इथेनॉलला चालणाऱ्या घालून घ्याव्यात.

पाणी ओसरल्यावर आम्ही नवं इंजिन घ्यायचं ठरवलं. पुराची भीती ताजी होती, तेव्हा मी म्हटलं, "आता साठ हॉर्सपॉवरचंच घेऊ, धारेला कापत जाईल." काका हसले. म्हणाले, "काऊन जी शायर, ज्याची पाठ दुखते त्याच्यावरच पोतं लादता का?"

इंजिन निवडण्याचं अर्धं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं. इंग्रजीत तिला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या जुन्या बोटीत या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरतं, वरून फायबर चकचकीत दिसतं आणि आत लाकूड कुजलेलं असतं. ते ओळखायचं कसं? भंडाऱ्याच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडे कुणी पितळेचं भांडं न वाजवता घेत नाही. लाकडी हातोडीने फळीवर इंचाइंचावर ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर लाकूड चांगलं. भद्द आवाज आला तर आत कूज आहे. आमच्या फळीचा डावा खालचा कोपरा भद्द वाजला. कुजलेलं लाकूड काढलं, मरीन प्लाय आणि रेझिन भरून फळी नवी केली, प्रत्येक बोल्टच्या भोकात जलरोधक लांबी भरली. इंजिनाचा विचार त्यानंतर.

दुसरी गोष्ट वजनाची. जुन्या बोटी बांधल्या गेल्या त्या काळी टू-स्ट्रोक इंजिनं होती आणि ती हलकी होती. चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक साधारण सत्तर किलोच्या आसपास भरतं. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या घरात जातं, साठचं त्याहूनही वर. म्हणजे जुन्याच्या जागी नवं घेताना आकडा तोच ठेवला तरी मागे एक पोरगं जास्त बसवल्यासारखं होतं. बोटीची मागची बाजू बसते, नाक वर जातं आणि उलटी लाट आली की पाणी मागून आत येतं. बोट बांधणाऱ्याने जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर लावावी याची पट्टी ठोकली असेल, तर ती कुराणातल्या आयतीसारखी मानावी. पट्टी नसेल तर धाडस करू नये, थोडं खालीच राहावं.

मग टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलकं आणि रचनेने सोपं, गावच्या मिस्त्रीला उघडता येतं. पण त्यात पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. सहसा पन्नास लिटरला एक लिटर, म्हणजे लिटरमागे वीस मिलिलिटर. घाईत कुणी तेल घालायचं विसरलं की इंजिन आतून जळालंच. शिवाय ते पेट्रोल जास्त खातं आणि न जळलेलं तेल आपल्याच मासळीच्या पाण्यात सोडतं. फोर-स्ट्रोक वजनदार आणि महाग. पण पेट्रोल वाचवतं आणि आवाज कमी करतं. पुरात कुणी छपरावरून हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे की नाही? आम्ही पंचवीस हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक घेतलं. चार माणसांपर्यंत बोट पाण्यावर उचलून धावते. सहा बसली की चिखलातल्या रेड्यासारखी चालते. पण चालते, आणि फळी कण्हत नाही.

तिसरी गोष्ट लांबीची. इंजिनं साधारण दोन मापांत मिळतात. पंधरा इंच उंचीच्या फळीला शॉर्ट शाफ्ट, वीस इंचांच्या फळीला लाँग शाफ्ट. फळीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत टेप लावून मोजायचं. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. फार वर राहिली तर वळणावर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. फार खाली गेली तर नुसती पाण्याची ओढ वाढते.

नावाचा मोह धरू नये, हीही एक गोष्ट. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने अमेरिकेतल्या मिलवॉकी गावी १९०९ मध्ये बोटीमागे टांगायचं इंजिन बाजारात आणलं. शंभर वर्षांहून अधिक काळ ते नाव चाललं, आणि २०२० मध्ये, म्हणजे आमच्या पुराच्याच वर्षी, ती इंजिनं बनणं बंद झालं. एवढं मोठं नावही बंद पडू शकतं. म्हणून इंजिन घेताना आधी विचारावं, याचा इम्पेलर, प्लग आणि पंखा नागपूरला मिळतो का? मिळत नसेल तर ते इंजिन तुमच्यासाठी नाही.

आता निगेचं बोलू. बोटीचं इंजिन नदीचंच पाणी ओढून थंड राहतं. ते ओढतो रबराचा छोटा चक्रीपंखा, त्याला इम्पेलर म्हणतात. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते. ती धार म्हणजे इंजिनाची नाडी. ती थांबली की ताबडतोब इंजिन बंद करायचं. बहुधा जलपर्णी किंवा प्लास्टिकची पिशवी तोंडाशी अडकलेली असते. पुराच्या पाण्यातली रेती तर इम्पेलर कानशीसारखी घासते. आम्ही दरवर्षी पावसाळ्याआधी तो उघडून पाहतो, पाकळ्या वाकल्या किंवा चिरल्या असतील तर बदलतो. गढूळ पाण्यातून आल्यावर इंजिन स्वच्छ पाण्याच्या ड्रमात उभं करून थोडा वेळ चालवतो, पंखा आधी काढून. आणि पाण्याबाहेर गंमत म्हणूनही इंजिन सुरू करत नाही. कोरडा इम्पेलर बघता बघता जळतो.

खालचं गिअर ऑइल काढून बघावं. ते चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर आत पाणी गेलं, म्हणजे सील फाटलं. आमच्याकडे त्याचं नेहमीचं कारण मासेमारीचा नायलॉनचा धागा. तो पंख्यामागे दांड्याला गुंडाळला जातो आणि सील कापतो. वर्षातून दोनचारदा पंखा काढून तिथे बघावं. इंजिनाला गंज लागू नये म्हणून बसवलेला धातूचा तुकडा स्वतः झिजून इंजिन वाचवतो. तो अर्धा झिजला की बदलावा. गोड्या पाण्यात जस्ताचा नको, मॅग्नेशियमचा बसवावा. आणि चालवणाऱ्याने बंद करायची लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय बसू नये. माणूस पाण्यात पडला तर निदान पंखा तरी थांबेल.

पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे, आणि ती फुकट आहे. इंजिन चालवत राहा. बोट वापरात असो वा नसो, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी घाटावर जातो. काका आलेले असतातच. जुनं पेट्रोल मोटारसायकलला काढतो, ताजं भरतो, ड्रमात पाणी घेतो आणि इंजिन दहा मिनिटं चालवतो. परत ठेवताना पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू देतो. वहीत तारीख लिहितो. कवितेची वही एखादा महिना कोरी राहते, ही राहत नाही.

पूर आपल्या तारखा सांगून येत नाही. जे यंत्र संकटासाठी ठेवलं, त्याला संकटाच्या दिवशीच पहिल्यांदा हात लावणं, हा त्या यंत्रावर आणि छपरावर वाट बघणाऱ्या माणसावर अन्याय आहे.

फुफी आता ऐंशीच्या पुढे आहे. नवी शिलाई मशीन तिने स्लॅबवरच्या खोलीत ठेवली आहे. पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. सलाम-दुआ नंतर. आधी विचारते, "चालू झालं का रे?"

मी म्हणतो, "हो फुफी. पहिल्याच ओढीत."